बिऱ्हाड बदलताना : शाळेच्या डिजिटल संग्रहाचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. आशय कसा आहे, भाषा मुलांना झेपेल का, आकृत्या बरोबर आहेत का, किंमत परवडेल का, हे त्यांत पाहिलेले असते. शाळेच्या संगणकात साठलेल्या गाण्यांचे, चित्रफितींचे, फोटोंचे आणि धड्यांचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. केलेच तर तेही पुस्तकासारखेच करतात, म्हणजे आशय तेवढा पाहतात. पुस्तकाच्या बाबतीत एक प्रश्न कधी विचारावाच लागत नाही : कपाट बदलले तर हे पुस्तक उघडेल ना? डिजिटल संग्रहाच्या बाबतीत मात्र तो सर्वांत आधी विचारायला हवा, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगण्यासाठी हा लेख.

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. त्या परिसरातल्या एका शाळेचा डिजिटल संग्रह विंडोजवरून लिनक्सवर नेण्याच्या कामात मी होतो. कारण साधेच होते. कक्षातले संगणक दहा-बारा वर्षांचे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पुढची विंडोज ११ अशा जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तिला अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. यंत्रे तर चांगली चालत होती. चालते यंत्र भंगारात घालायचे, की त्याची कार्यप्रणाली बदलायची? शाळेने दुसरा मार्ग निवडला.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकाची कारभारीण. कोणती फाईल कोणत्या कप्प्यात ठेवायची, तिच्या पाटीवर किती लांब नाव लिहायचे, कोणती चिन्हे नावात चालतील, कोणत्या आज्ञावलीला काय करू द्यायचे, हे सारे तीच ठरवते. कारभारीण बदलली की घराचे नियम बदलतात. सामान मात्र जुन्या नियमांनी बांधलेले असते.

संग्रहाची नक्कल करायला एक संध्याकाळ पुरेल असे वाटले होते. आणि खरोखरच ती एका संध्याकाळी झाली. आपण नेमके काय आणले आणि काय मागे राहिले, हे शोधण्यात पुढचे तीन आठवडे गेले.

नावातच अडले

पहिली चूक माझीच. नक्कल चालू असताना पडद्यावर ‘नाव फार लांब आहे’ अशी सूचना आली. दोन पर्याय होते : ही फाईल वगळा, किंवा सगळ्या वगळा. घाई होती. मी दुसरा पर्याय दाबला. नंतर दोन्हीकडच्या फाईली मोजल्या तेव्हा आकडे जुळेनात. मागे राहिलेल्या फाईली शोधल्या, तर त्या सर्व मराठी नावांच्या निघाल्या. इंग्रजी नावाची एकही अडली नव्हती.

असे का व्हावे? वर्गात करून पाहण्याजोगा हा हिशेब आहे. विंडोजच्या नेहमीच्या चकतीवर फाईलच्या नावाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या चकतीवरही मर्यादा २५५ चीच, पण ती चिन्हांची नसून बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा फरक कधी जाणवत नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. शिवाय काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘विज्ञान’ हा शब्द सोडवून पाहा : व, ऱ्हस्व वेलांटी, ज, हलन्त, ञ, काना, न. सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. हा शब्द मध्ये जागा सोडून अकरा वेळा लिहिला आणि शेवटी टिंब व तीन इंग्रजी अक्षरांचे शेपूट जोडले, तर २४५ बाइट होतात. बारा वेळा लिहिला तर २६७. म्हणजे अकरा ‘विज्ञान’ लिनक्सवर मावतात, बारावा मावत नाही. विंडोजवर तेच बारा शब्द ९९ चिन्हांत बसतात. आपल्या शिक्षकांना तर ‘इयत्ता आठवी, सामान्य विज्ञान, प्रकरण अमुक, प्रयोग तमुक, भाग दुसरा, सुधारित’ अशी ऐसपैस नावे द्यायची सवय. कपाटावर ती पाटी चांगली दिसते, पण नव्या घराच्या दारातून आत जात नाही.

उलट दिशेचीही एक अडचण आहे. विंडोजवर फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह हेही चालत नाहीत. लिनक्सला यातले सगळे चालते. विज्ञानाच्या चित्रफितीला ‘आकाश निळे का दिसते?’ याहून चांगले नाव कोणते? पण एका मॅडमनी लिनक्सवर दिलेले असे नाव घरच्या विंडोजवर उघडेना. प्रश्न विचारायला बंदी असलेले घर, असे त्या हसत म्हणाल्या.

इंग्रजी नावांची वेगळी गंमत झाली. विंडोज मोठी आणि लहान लिपी एकच मानते, लिनक्स त्यांत भेद करते. कोणी हौसेने तयार केलेल्या संकेतपानांच्या धड्यांत चित्राचे नाव लहान अक्षरांत लिहिलेले, प्रत्यक्ष फाईल मोठ्या अक्षरांत. विंडोजवर वर्षानुवर्षे दिसणारी चित्रे एकाएकी गायब झाली. देवनागरीत लहानमोठी लिपीच नाही, त्यामुळे मराठी नावांना निदान ही बाधा झाली नाही.

सर्वांत चकवणारा प्रकार या लेखाच्या शीर्षकातच आहे. ‘बिऱ्हाड’ हा शब्द पाहा. त्यातला र हा आपण ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांचे’, ‘वाऱ्याची’ यांत लिहितो तो आडव्या रेघेसारखा र. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे ०९३१ क्रमांकाचे चिन्ह वापरून त्याला हलन्त देतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. संग्रहात ‘ताऱ्यांचे जग’ नावाची फाईल समोर दिसत होती आणि शोध घेतला तर ‘सापडली नाही’ असे उत्तर येत होते. एकाने कळफलकावर टाइप केले होते, दुसऱ्याने मोबाईलवर. यात दोष विंडोजचाही नाही, लिनक्सचाही नाही. घर बदलले म्हणून ट्रंकेच्या तळाचे बाहेर आले, एवढेच.

किन्हीराजा, नऊ कळा

आता संग्रहातल्या सर्वांत मोलाच्या भागाकडे येतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांनी एक उपक्रम केला होता. आपापल्या आजीकडून, शेजारणीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायच्या. त्या काळच्या मोबाईलमध्ये आवाज एएमआर नावाच्या स्वरूपात साठत असे. हे स्वरूप दूरध्वनीवरच्या बोलण्यासाठी बनवलेले. ते आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजते, त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच त्यात येत नाही, आणि जे येते तेही बरेच पिळून घेतलेले असते. गाण्याला ते कपडे तोकडेच. पण दुसरे ध्वनिमुद्रण नाही, आणि गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत.

लिनक्सवर व्हीएलसी या मोफत आज्ञावलीने त्या फाईली वाजल्या. पहिली ओवी वाजली तेव्हा कक्षात शांतता पसरली. मग प्रश्न आला : गाते आहे कोण? फाईलींची नावे मोबाईलने दिलेली, नुसते अनुक्रमांक. नाव, गाव, वय, ओवीचा विषय हे सारे एका यादीत होते. यादी उघडली. एक मुलगी म्हणाली, “सर, हे त काहीच वाचता येत नाही.” इंग्रजी अक्षरांचा नुसता काला होता.

हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा अशा टंकांत, म्हणजे फाँटमध्ये, लिहीत, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणक साठवी ‘के’ आणि पडद्यावर दिसे काना. असे टंक अनेक कंपन्यांनी काढले आणि प्रत्येकाची वाटणी निराळी. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ सालीच आले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छपाईच्या दुकानांत आणि कार्यालयांत टंकांचेच राज्य राहिले. छापील कागदावर फरक दिसत नव्हता, मग बदलायचे कशाला?

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात. पण मूळ टंक कोणता हे त्यांना आधी सांगावे लागते. आमची यादी साध्या मजकुराच्या फाईलीत होती. साधा मजकूर हे खरे तर सर्वांत टिकाऊ स्वरूप. त्यात मजकुराशिवाय काहीच नसते. म्हणूनच त्यात टंकाचे नावही नव्हते.

तेव्हा आठवण झाली ती रोझेटा शिलेची. १७९९ साली सापडलेल्या त्या शिलालेखाच्या आधारे शांपोलियोंने १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी उलगडली, ती राजाराण्यांच्या नावांपासून सुरुवात करून. नाव कोणत्याही भाषेत जवळजवळ तसेच राहते. आमच्या यादीतही प्रत्येक ओळीत एक गाव होते आणि बहुतेक ओळींत ते किन्हीराजा असणार, हे मुलांना माहीत होते. मग सर्वांत जास्त वेळा येणारा अक्षरगट शोधायचा. तो असा निघाला : एफ, डी, यू, जी, एच, जे, के, टी, के. नऊ अक्षरे, त्यांतले सातवे आणि नववे सारखे.

आता ‘किन्हीराजा’ हाताने लिहून पाहा. आधी पहिली वेलांटी, मग क, अर्धा न, ह, दुसरी वेलांटी, र, काना, ज, काना. नऊ तुकडे, सातवा आणि नववा काना! टंक होता कृतिदेव, जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळांवर बेतलेला. टंकलेखन शिकलेल्या कोणीतरी त्या काळी यादी तयार केली असणार. आठवीच्या मुलांनी हे कोडे एका तासिकेत सोडवले, आणि मला वाटते त्या वर्षातली ती त्यांची सर्वांत चांगली तासिका असावी.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण मुद्दा फक्त कळा बदलण्याचा नाही. कृतिदेवमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठतो : ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवते : क आधी, वेलांटी नंतर. ‘सूर्य’मध्ये जुन्या टंकात रफार शेवटी येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे य च्या आधी येतात. म्हणजे रूपांतर करताना अक्षरे बदलायची आणि त्यांची जागाही बदलायची. जुन्या यादीची अकारविल्हे लावली तर पहिल्या वेलांटीने सुरू होणारी सगळी नावे, मग ती किसन असोत की विठाबाई, एका ठिकाणी गोळा होतात. जुना मजकूर दिसण्यासाठी लिहिलेला होता. तो शोधण्यासाठी, लावण्यासाठी, दुसरीकडे नेण्यासाठी लिहिलेलाच नव्हता. गेल्या तीसेक वर्षांतल्या मराठी संगणकीय साहित्यावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

नावे परत मिळाली. दोन ओळी मात्र वेगळ्याच टंकात लिहिलेल्या निघाल्या. त्यांचा उलगडा अजून झालेला नाही.

ओव्यांच्या एएमआर फाईलींचे एमपी३ करावे असे एका सहकाऱ्याने सुचवले. एमपी३ चे पेटंट संपून परवान्याचा प्रश्न २०१७ मध्येच मिटला आहे, त्यामुळे त्या अंगाने हरकत नव्हती. पण एकदा पिळलेला आवाज पुन्हा पिळला तर उरलेल्यातलेही जाते, छायाप्रतीची छायाप्रत काढावी तसे. मूळ फाईली हात न लावता ठेवल्या आणि वाजवण्यासाठी आणखी न पिळणारी फ्लॅक स्वरूपातली प्रत केली. जागा जास्त लागते. लागू दे.

बंद पेट्या

संग्रहाचा एक मोठा भाग २००० ते २०१२ या काळातल्या सीडींचा होता. त्यांत अनेक धडे फ्लॅश या तंत्रात केलेले. फ्लॅशची फाईल चित्रफितीसारखी नसते. ती नाटकाच्या संहितेसारखी असते. कोणते चित्र कुठून कुठे सरकेल, कळ दाबल्यावर काय होईल, याच्या सूचना तिच्यात असतात, आणि त्या अमलात आणणारा नट म्हणजे फ्लॅश प्लेयर. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या प्लेयरनेच फाईली चालवायला नकार दिला. सुरक्षेची कारणे खरी होती, हे मान्य. पण फळ्यावर लिहिता लिहिता खडू ‘आजपासून मी लिहिणार नाही’ असे म्हणाला तर कसे वाटेल?

रफल नावाची एक मुक्त आज्ञावली आता त्या नटाची जागा घेते. साधे धडे तिच्यावर छान चालले : पचनसंस्था, जलचक्र, ग्रहणे. प्रश्नमंजूषा असलेले, नंतरच्या काळातले धडे अर्ध्यावर थांबले, कारण त्यांची संहिता २००६ साली आलेल्या नव्या बोलीत लिहिलेली होती आणि ती रफलला अजून पुरती येत नाही.

सर्वांत वाईट निघाली ती देणगीतून आलेली, ‘संपूर्ण अभ्यासक्रम’ असे लिहिलेली एक हार्ड डिस्क. तिच्यातल्या चित्रफिती कुलूपबंद होत्या. पुरवठादाराची आज्ञावली आणि तिच्यासोबतची छोटी किल्ली संगणकाला लावली तरच त्या उघडत. ती आज्ञावली फक्त विंडोजवर चालते. पुरवठादाराचा दूरध्वनी बंद आहे. आशयाच्या दृष्टीने त्या चित्रफिती संग्रहात सर्वांत चांगल्या होत्या असे शिक्षक सांगतात. मला पडताळता आले नाही. त्या संग्रहात आहेत असे म्हणणेच चूक ठरेल. शाळेत त्यांची पेटी आहे.

याउलट ज्यांना काहीच झाले नाही त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती आणि त्यांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तके साध्या, सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात होती. जशी होती तशी उघडली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाने आपली जुनी जावा आणि फ्लॅशमधली सादृश्ये एकेक करून एचटीएमएल५ मध्ये नव्याने लिहिली. त्यांतली अनेक मराठीतही आहेत आणि कोणत्याही ब्राउझरवर चालतात. मराठी विकिपीडिया किविक्सच्या मदतीने इंटरनेटशिवाय वाचता येतो, विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच. या मंडळींनी लिनक्सचा विचार केला होता असे नाही. एकाच कारभारणीवर विसंबायचे नाही, एवढे पथ्य त्यांनी पाळले.

दोन मोठी उदाहरणे

ही आपल्या खेड्यातल्या शाळेची रडकथा आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये १०८६ साली देशाची मोजदाद होऊन ‘डोम्सडे बुक’ तयार झाले. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये नवे डोम्सडे केले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, मुख्यतः शाळकरी मुलांनी, आपल्या परिसराची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. ती दोन लेसर चकत्यांवर साठवली गेली. वाचण्यासाठी एकॉर्न कंपनीचा संगणक आणि फिलिप्सचा खास वाचक लागे. पंधरा वर्षांतच ही यंत्रे दुर्मीळ झाली आणि चकत्या वाचणे अवघड झाले. नऊशे वर्षांचे चामडी पान वाचता येत होते, सोळा वर्षांची चकती नाही! अखेर २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहून ती माहिती पुन्हा पडद्यावर आणली. २०११ मध्ये त्यातला लोकांनी लिहिलेला भाग बीबीसीने संकेतस्थळावर ठेवला. ते संकेतस्थळही पुढे बंद झाले आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात गेले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे, आणि आमच्या ओव्यांना जवळचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले आणि मजकुराचा संगणकीय माहितीकोश उभा राहिला. हा ठेवा कागदावरून टेपवर, टेपवरून संगणकात, एका संस्थेतून दुसरीकडे असा फिरला आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागला. इतकी बिऱ्हाडे बदलूनही तो का टिकला? माझ्या मते याचे श्रेय संगणकापेक्षा वहीला आहे. कोणत्या ओवीची गायिका कोण, गाव कोणते, विषय कोणता, हे माणसांनी नीट लिहून, वर्गवारी लावून ठेवले होते. ती नोंद कोणत्याही आज्ञावलीच्या पोटात अडकलेली नव्हती.

आमच्या शाळेत नेमके हेच उलटे झाले. गाण्यांच्या याद्या, ‘आवडती’, ‘परिपाठासाठी’, ‘सहावीला दाखवा’ अशा खुणा कित्येक वर्षे एका मॅडमनी मीडिया प्लेयरमध्ये केल्या होत्या. त्या प्लेयरच्या स्वतःच्या माहितीकोशात होत्या आणि प्रत्येक नोंदीच्या मागे ‘डी ड्राइव्ह, अमुक कप्पा’ असा पत्ता होता. लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नावाची वस्तूच नाही. गाणी आली, मॅडमचे काम गेले. ग्रंथपालाची दाखल नोंदवही जळावी आणि पुस्तके तेवढी वाचावीत, तसे.

डेडस्टॉक रजिस्टर प्रत्येक शाळेत असते. या शाळेतही सर्व सीडी त्यात नोंदवलेल्या आहेत : नग, किंमत, तारीख, सही. सीडीत काय आहे, ते कशावर चालते, किल्ली कोणाकडे आहे, याचा रकानाच नाही. तपासणीला येणारे अधिकारी नग मोजून जातात. खुर्च्यांसाठी केलेल्या नोंदवहीत ज्ञान नोंदवले की असेच होणार.

लिनक्सच्या चाहत्यांनाही थोडे बोलले पाहिजे. ‘लिनक्स घ्या, सगळे प्रश्न मिटतील’ असे सांगणारे भेटतात. लिनक्स फुकट आहे, जुन्या यंत्रांवर हलके चालते, मराठीतही आहे. सी-डॅकने काढलेले बॉस आहे. आयआयटी मुंबईचे मराठीतले स्पोकन ट्युटोरियलचे पाठ शिक्षकांना फार उपयोगी पडतात. हे सगळे खरे. पण म्युनिक शहराने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, २०१३ मध्ये काम पुरे झाल्याचे सांगितले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारणही होते, पण इतरांशी कागदपत्रांची देवघेव करतानाच्या तक्रारीही होत्या. केरळच्या शाळांत मात्र मुक्त प्रणाली टिकली. तिथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ योजनेत शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी त्याच प्रणालीवर बेतल्या गेल्या. आपल्याकडे एखादा उत्साही शिक्षक लिनक्स बसवतो आणि त्याची बदली झाली की पुढचा ते पुसून टाकतो.

एक छोटी तक्रार प्राथमिकच्या बाईंची. नव्या प्रणालीत टंक बदलला आणि मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ जाऊन हिंदी वळणाचे दिसू लागले. मजकूर तोच, क्रमांक तेच, फक्त चेहरा परका. पहिलीतल्या मुलाला हे कसे समजावायचे? मराठी वळण दाखवणारा टंक निवडून हे लगेच सुधारता आले. पण त्यांनी सांगितले नसते तर आमच्या लक्षातही आले नसते.

आता संग्रह असा आहे. नावे छोटी केली आहेत. जुनी लांब नावे एका यादीत गेली असून ती यादी युनिकोडमध्ये, साध्या मजकुरात आहे आणि तिची छापील प्रत ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली आहे. प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ठसा यादीत तिच्यासमोर लिहिला आहे. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पार बदलतो, म्हणून पुढच्या नकलेच्या वेळी काय बिघडले ते लगेच कळेल. डोळे झाकून ‘सगळी वगळा’ दाबणाऱ्या माझ्यासारख्याचीही चोरी पकडली जाईल. नववीच्या चार मुलांनी तो ठसा काढायला शिकून घेतले आहे आणि दर सहामाहीत ते पडताळतात.

एक जुना संगणक मुद्दाम विंडोजवरच ठेवला आहे. त्याचे इंटरनेट काढून टाकले आहे. अर्ध्यावर थांबलेल्या प्रश्नमंजूषा आणि ती कुलूपबंद डिस्क त्याच्यावरच चालतात. त्याचा पंखा आवाज करू लागला आहे. त्याच्यावर पांढऱ्या रंगाने ‘हा संगणक पुसू नये’ असे लिहिले आहे.

ओव्यांच्या यादीत ते दोन नावांचे ठिकाण अजून कोरे आहे. ज्यांनी त्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या ती मुले आता तिशीला आली. त्यांतला एक जण गावातच दुकान चालवतो. त्याला आवाज ऐकवायला आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.